मोठा टायर म्हणजे बदललेला गिअर, हे शेतकऱ्याला सांगणार कोण?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कृषी पुरवणीत गेल्या पंधरवड्यात मिनी ट्रॅक्टरला मोठी चाकं बसवणाऱ्या एका तरुण शेतकऱ्याची यशोगाथा आली. अर्धं पान मजकूर आणि वर रंगीत फोटो. त्या मुलाबद्दल मला काहीही वाईट म्हणायचं नाही. हात चालवणारं पोरगं आहे, त्यानं आपल्या डोक्यानं काहीतरी करून पाहिलं. माझी तक्रार मजकुराबद्दल आहे. ट्रॅक्टर उंच झाला, जोरात पळतो आणि डिझेल वाचतं, एवढं त्यात आहे. ट्रॅक्टर किती एचपीचा, टू-व्हील की फोर-व्हील (म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोनच चाकांना जातो की चारही चाकांना), जुन्या टायरचं माप काय, नव्याचं काय, रिम नवी घेतली की जुन्या डिस्कवर, म्हणजे रिमला हबशी जोडणाऱ्या मधल्या तबकडीवर, बसवली, यातला एकही आकडा अख्ख्या अर्ध्या पानात नाही. पाककृती छापताना तुम्ही मीठ किती ते छापता. इथं तर चार-पाच लाखांच्या यंत्राचा प्रश्न आहे.

मी आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टर या ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. आता निवृत्त आहे. अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे आणि बागेत फिरतो तो मिनी ट्रॅक्टरच. तुमची पुरवणी आल्यापासून आमच्याकडची पोरं तो फोटो मोबाईलमध्ये घेऊन टायरच्या दुकानात जातात आणि ‘असलेच पाहिजेत’ म्हणतात. त्यातली काही माझे जुने विद्यार्थी किंवा त्यांची मुलं आहेत. त्यांना एकेकट्याला सांगण्यापेक्षा तुमच्याच पानावर सांगितलेलं बरं.

मागणी वाढायला कारणही आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला तो विसरण्यासारखा नाही. काळ्या रानात सोयाबीन पाण्यात उभं होतं. पाणी ओसरल्यावरही कित्येक दिवस मिनी ट्रॅक्टर वावरात घातला की पोटावर बसायचा. त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. रुतलेला ट्रॅक्टर आणि उतरलेली किंमत, दोन्ही एकदम आल्यावर माणूस मोठ्या टायरकडे बघणारच. त्यात चूक नाही. पण पैसे मोजण्याआधी थोडं गणित मांडून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

गणित सोपं आहे. समजा मागच्या टायरची जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची ३६ इंच आहे आणि नवा टायर ४० इंचांचा घेतला. टायर चार इंचांनी वाढला, पण धुरा जमिनीपासून त्याच्या निम्म्यानंच वर जातो. म्हणजे पोट उचललं गेलं दोन इंच. दुकानात उभं राहून टायर बघताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. चार इंचांचे पैसे दिले, मिळाले दोन इंच. शिवाय पुढची चाकं कंपनीचीच राहिली, तर पुढचा धुरा होता तिथंच राहतो आणि चिखलाच्या गाळात तो आधी टेकतो.

आता वेग. ३६ इंची चाक एका फेरीत ११३ इंच पुढे जातं, ४० इंची चाक जवळपास १२६ इंच. गिअरबॉक्स तोच, इंजिनचे फेरे तेच. म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ट्रॅक्टर ११ टक्के जोरात पळणार. रस्त्यावर २५ नं जाणारा २८ च्या जवळ जाईल. यालाच तुमच्या मजकुरात ‘ताकद वाढली’ म्हटलं आहे. वाढली नाही, घटली. इंजिनाकडून धुऱ्याला मिळणारा पीळ, म्हणजे चाक फिरवणारा जोर (टॉर्क), तेवढाच आहे. धुऱ्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर १८ इंचांऐवजी २० इंच झालं, तो आता तेवढ्या लांब हातावर खर्च होतो, म्हणून जमिनीवर मिळणारी ओढ एक दशांशानं कमी होते. मोठा टायर बसवणं म्हणजे सगळे गिअर थोडे थोडे वर सरकवणं. रस्त्याला ते बरं, पण नांगराला किंवा चढावर भरलेल्या ट्रॉलीला नाही. ज्याच्या ट्रॅक्टरमध्ये खालचे गिअर भरपूर आहेत तो एक गिअर उतरून निभावून नेईल. जो आधीच लो-फर्स्टमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, काम करतो, त्यानं उतरायचं कुठं?

यावर पारावर हमखास एक युक्तिवाद येतो, आणि तुमच्या मजकुरातही तो होता: आपल्या वाडवडिलांच्या बैलगाडीला मोठीच चाकं होती, ते काय वेडे होते? नव्हते. बैलगाडीचं चाक ओढलं जातं. बैल पुढे, चाक मागे, चाकाला स्वतः काही करायचं नसतं. ओढल्या जाणाऱ्या चाकाचा घेर मोठा असला की ते खड्ड्यात कमी उतरतं आणि बैलाला हलकं जातं. ट्रॅक्टरचं मागचं चाक ओढलं जात नाही, ते ओढतं. त्याला धुऱ्यातून पीळ घालावा लागतो, आणि घेर वाढला की पीळही जास्त लागतो. ट्रॉलीच्या चाकाला बैलगाडीचं उदाहरण चालेल, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला नाही. मोठ्या टायरचा एक फायदा मात्र खरा आहे: त्याचा जमिनीवरचा ठसा लांब पडतो, त्यामुळे पोकळ रानात तो कमी रुततो आणि कमी घसरतो. हा फायदा वर सांगितलेल्या तोट्यापेक्षा जास्त की कमी, हे रानावर आणि अवजारावर ठरतं, फोटोवर नाही.

घसरण हा शब्द निघालाच आहे तर सांगतो. आमच्याकडे चाक घसरलं की लोकांना ते ट्रॅक्टरचं दुखणं वाटतं. नांगरटीत दहा-पंधरा टक्के घसरण होणं योग्यच आहे. चाक घसरतं म्हणून गिअर वाचतो. मोठा टायर, त्यात भरलेलं पाणी आणि वर लोखंडी वजनं घालून ज्यानं घसरण पार बंद केली, त्याच्या ट्रॅक्टरमध्ये झटका बसला की तो सोडून द्यायला जागा उरत नाही. तो झटका सरळ मागच्या धुऱ्यातल्या बुल गिअर, हाफ शाफ्ट आणि बेअरिंगवर जातो. पंधरा-वीस एचपीच्या यंत्राचे हे भाग त्या एचपीच्या हिशेबानंच बनवलेले असतात. घसरण मोजायचीही सोपी रीत आहे. टायरवर खडूची खूण करा, अवजार उचलून दहा फेऱ्यांचं अंतर मोजा, मग अवजार रानात टाकून दहा फेऱ्यांचं अंतर मोजा. दुसरं जितकं कमी भरेल तितकी घसरण.

आता अवजारं. इथं नुकसान सगळ्यात जास्त आणि बोलणं सगळ्यात कमी होतं. पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा, तो इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, त्याला टायर छोटा की मोठा याचं देणंघेणं नाही. रोटाव्हेटरची पाती तेवढ्याच वेगानं फिरणार, पण ट्रॅक्टर ११ टक्के जोरात पुढे सरकणार. प्रत्येक पात्याला पूर्वीपेक्षा जाड काप घ्यावा लागतो. ढेकळं मोठी राहतात, इंजिन दबतं. मग माणूस म्हणतो, पाती खराब निघाली. फवारणीत तर हे औषधाच्या हिशेबात जातं. ट्रॅक्टरच्या पीटीओवरचा पंप मिनिटाला ठरलेलं पाणी फेकतो. एकरी २०० लिटर पडायचं तिथं त्याच गिअरला, त्याच थ्रॉटलला आता १८० च्या आसपास पडणार. टाकीत औषधाचं प्रमाण जुनंच असेल तर झाडाला एक दशांश औषध कमी मिळालं. कोळी, सिट्रस सिला अशी कीड आली, की दोष औषधाच्या कंपनीला. पेरणी यंत्राला हा त्रास नाही, कारण त्याचं बी पाडणारं चाक स्वतः जमिनीवर फिरतं. तिथं दाणा जुन्याच हिशेबानं पडतो.

मागची बाजू दोन इंच उचलली आणि पुढची तशीच ठेवली, तर मिनी ट्रॅक्टरच्या दीडेक मीटरच्या अंतरात तो नाकावर झुकतो. ही झुक दोन अंशांच्या आत असते, डोळ्याला दिसत नाही. स्टिअरिंगला मात्र कळते. पुढच्या चाकाला जो मागे कललेला कोन दिलेला असतो, ज्याला फिटर कॅस्टर म्हणतात, तो तेवढा कमी होतो आणि वळल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ यायचं मंदावतं. अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिकचे खालचे दांडेही (लोअर लिंक) वर जातात. पूर्वी रोटाव्हेटर जितका खाली बसायचा तितका बसत नाही, लिफ्ट रॉड लांब करून घ्यावे लागतात, टॉप लिंक नव्यानं लावावी लागते. आणि ट्रॉलीचा हूक जमिनीपासून उंच गेला की चढावर पुढची चाकं हलकी होतात. मिनी ट्रॅक्टरवर विटांची किंवा उसाची ट्रॉली ओढणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. ब्रेकलाही तोच हिशेब लागू आहे: चाक मोठं झालं की तेवढ्याच पायाच्या दाबाला ट्रॅक्टर उशिरा थांबतो, आणि आता तो पळतोही जास्त.

टू-व्हील ट्रॅक्टरचं एवढ्यावर भागतं. फोर-व्हीलचं दुखणं वेगळं आणि महागडं. आजकाल बागेसाठी येणारे बरेच मिनी ट्रॅक्टर फोर-व्हीलच असतात, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

फोर-व्हीलमध्ये पुढचा धुरा आणि मागचा धुरा गिअरनं एकमेकांशी बांधलेले असतात. मागचं चाक एक फेरी फिरलं की पुढचं किती फिरणार हे कारखान्यात ठरलेलं असतं, ते तुम्हाला बदलता येत नाही. समजा हे प्रमाण एकाला १.४६ आहे, मागचं चाक फेरीला ११३ इंच जातं आणि पुढचं ८० इंच. मागची एक फेरी झाली की पुढच्या चाकानं सुमारे ११७ इंच जायला पाहिजे. म्हणजे पुढचं चाक मागच्यापेक्षा तीन-साडेतीन टक्के पुढे धावायला बघतं. हे मुद्दाम ठेवलेलं असतं. मेकॅनिक त्याला लीड म्हणतात. पुढच्या चाकानं थोडं ओढून घ्यावं, म्हणजे स्टिअरिंग हातात राहतं आणि दोन्ही धुरे कामाला लागतात. साधारण एक ते पाच टक्क्यांच्या आत हे बसवलेलं असतं.

आता तुम्ही मागं १२६ इंचांचं चाक लावलं आणि पुढचं ८० चंच ठेवलं. मागची एक फेरी ट्रॅक्टरला १२६ इंच ढकलते आणि पुढच्या चाकाला मात्र ११७ इंचच जायची परवानगी आहे. लीड गेली, उलट पुढचं चाक सात टक्क्यांनी मागे ओढायला लागलं. फोर-व्हील चालू करायचा दांडा टाकला की पुढचा धुरा ब्रेकसारखा अडवतो. मागचा धुरा ढकलतो, पुढचा अडवतो, आणि मधल्या शाफ्टमध्ये पीळ साठत जातो. मऊ रानात चाकं घसरून हा पीळ निघून जातो. डांबरी रस्त्यावर किंवा सुकलेल्या पांदणीत तो निघायला वाटच नाही.

असा एक ट्रॅक्टर मी जवळून पाहिला, आमच्या शेजारच्या गावातला. पुढच्या टायरची नक्षी एका हंगामात आरीनं कापल्यासारखी झिजली होती. फोर-व्हीलचा दांडा काढायला गेलं की निघत नव्हता. मालकानं त्याला एक युक्ती शोधली होती: रिव्हर्स टाकून हातभर मागं घ्यायचं, की दांडा सुटतो. त्याला वाटायचं दांड्यालाच ग्रीस कमी पडतं. रिव्हर्स घेतल्यावर साठलेला पीळ उलगडतो म्हणून दांडा सुटत होता. शेवटी पुढच्या धुऱ्याचे गिअर गेले. वॉरंटीत होता, पण कंपनीच्या माणसानं मागचे टायर पाहिले आणि हात वर केले. गावात सगळे त्या सर्व्हिस सेंटरला शिव्या देत होते. मला मात्र त्यांचं बरोबर वाटलं. टायर बदलून विकणाऱ्या दुकानदाराला कोणी एक शब्द बोललं नाही. ‘पुढं कोणता टायर आहे’ एवढा एक प्रश्न त्यानं विचारला असता तरी निम्मं काम झालं असतं.

म्हणून फोर-व्हीलवाल्यानं एक तर चारही चाकं बदलावीत, नाही तर एकही बदलू नये. वरच्याच उदाहरणात पुढचं चाक ८० वरून ८९ इंच फेरीचं केलं तर हिशेब पुन्हा जुळतो. आणि हे माप टायरवरच्या आकड्यावरून काढू नये. टायरवर ८.३-२० असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ टायर ८.३ इंच रुंद आणि रिम २० इंचांची. टायरची पूर्ण उंची त्यात कुठंच नाही. तोच आकडा असलेले दोन कंपन्यांचे टायर उंचीला थोडे कमीजास्त निघू शकतात. खरं माप चालवूनच मिळतं. सपाट जागेवर, टायरमध्ये रोजची हवा ठेवून, बाजूला खडूची खूण करायची, जमिनीवर रेघ ओढायची, ट्रॅक्टर सरळ पाच फेऱ्या पुढे न्यायचा आणि मोजपट्टीनं अंतर घेऊन पाचानं भागायचं. पुढचं वेगळं, मागचं वेगळं. जुने टायर उतरवण्याआधीच हे करून ठेवावं, नाही तर मग तुलनेला काही उरत नाही.

रिमबद्दल मात्र मला राग आहे, तो लपवत नाही. जालन्यात लोखंडाला तोटा नाही. सळईचं गाव आहे. प्लेट मिळते, लेथ मिळतो, वेल्डिंग मिळतं. त्यामुळे मोठ्या ट्रॅक्टरची रिम आणून तिला मधोमध गोल प्लेट मारून मिनीच्या हबवर बसवून देणारे कारागीर बरेच झाले आहेत. हात चांगला असतो त्यांचा. पण मी जेव्हा जेव्हा अशी डिस्क पाहिली तेव्हा बोल्टच्या डोक्याकडे आधी पाहिलं. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा ठोकलेला असतो, तो त्याच्या मजबुतीचा. जुगाडू डिस्कवर बऱ्याचदा डोकं कोरं असतं. कुठं कुठं तर स्टड वेल्डिंगनं चिकटवलेला असतो. कडक केलेल्या स्टडला वेल्डिंगची आच लागली की त्याचा कडकपणा गेला. बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, ज्याला पीसीडी म्हणतात, तो अर्धा मिलिमीटर चुकला तरी नट तिरके बसतात. मूळ नट निमुळते असतील आणि नव्या डिस्कचं भोक सरळ पाडलं असेल, तर नट कितीही आवळा, तो सैल होणारच. आणि भोकांच्या मधलं मोठं छिद्र हबवर घट्ट बसत नसेल तर सगळा भार बोल्टांवर येतो. चाक निखळून पडल्याच्या बातम्या तुम्हीच छापता.

स्पेसर घालून चाक बाहेर काढणं हाही त्याचाच भाऊ. मोठा टायर मडगार्डला घासतो म्हणून दोन-तीन इंचांचा तुकडा घालून चाक बाहेर ढकलतात. भार बेअरिंगपासून तेवढाच दूर जातो. काही ट्रॅक्टरांना डिस्क उलटी लावून रुंदी वाढवायची सोय कंपनीनंच दिलेली असते, ती आधी पाहावी. चाक उलटं लावताना डावं चाक उजवीकडे आणि उजवं डावीकडे न्यायचं, नाही तर टायरवरचा बाण मागं तोंड करतो आणि नक्षी माती धरण्याऐवजी साचवत बसते. आमच्या काळ्या मातीत मडगार्ड आणि टायरमध्ये मूठभर तरी फट लागते. कोरड्या अंगणात उभं करून ‘घासत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. पहिल्या पावसानंतरच्या पाळीला चिखल त्या फटीत जातो, वाळतो आणि मडगार्ड वाकवतो.

बागेची अडचण आणखी निराळी. मोसंबी साधारण वीस बाय वीस फुटांवर असते, पण फळ धरल्यावर फांद्या खाली येतात आणि प्रत्यक्ष वाट पार चिंचोळी होते. ट्रॅक्टर दोन इंच उंच आणि टायर दोन-चार इंच रुंद झाला की आंबिया बहाराची फळं मडगार्ड तोडत जातं. ठिबकच्या नळ्या रुंद टायरखाली जास्त येतात. बांधावरून तिरका उतरताना उंच ट्रॅक्टर लवकर कलतो, आणि बागेत फांद्यांमुळे मागचा सुरक्षा-पाइप घडी करून ठेवलेला असतो. म्हणजे जेव्हा त्याची गरज सर्वांत जास्त तेव्हाच तो खाली. मी स्वतः बागेत मोठे टायर लावणार नाही. कापसात, तुरीत उभ्या पिकातून जायला उंच आणि अरुंद चाक लागतं, ती गोष्ट वेगळी. तिथं उंचीच हवी असते, ओढ कमी लागते, आणि हलक्या फवारणीसाठी असं चाक लावणारा शेतकरी शहाणाच आहे. फक्त त्यानं औषधाचा हिशेब नव्यानं मांडावा.

दुसरं म्हणजे मोठा टायर आला की वाफसा पाहायची सवय जाते. रान अजून चिकट आहे, पण ट्रॅक्टर जातो ना, मग घाला. ट्रॅक्टर जातो हे खरं. चाकोरीत जमीन घट्ट होते हेही खरं, आणि ती उन्हाळ्यात भेगाळली की मुळं तुटतात ते मोसंबीच्या पानांवर पुढच्या वर्षी दिसतं.

टायर बदलण्याआधी फुकटात करण्यासारखं बरंच आहे, ते तुमच्या मजकुरात असतं तर जास्त वाचकांचं भलं झालं असतं. आमच्याकडे निम्म्या ट्रॅक्टरांच्या मागच्या टायरात मोटारसायकलसारखी पंचवीस-तीस पौंड हवा ठोकलेली असते. पंक्चरवाला विचारत नाही, मालक सांगत नाही. शेतकामाला मागच्या टायरला साधारण बारा ते सोळा पौंडांच्या दरम्यान हवा कंपन्या सांगतात, नक्की आकडा पुस्तिकेत असतो. हवा कमी केली की टायर पसरतो, नक्षी पूर्ण टेकते, आणि नवा टायर न घेताच ठसा वाढतो. रस्त्यानं ट्रॉली न्यायची असेल तेव्हा परत वाढवायची. टायर गुळगुळीत झाला असेल तर त्याच मापाचा नवा घ्यावा. वजन हवं असेल तर ट्यूबमध्ये पाणी भरावं: व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश. ते वजन टायरवरच राहतं, धुऱ्याच्या बेअरिंगवर येत नाही. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही, साधं पाणी चालतं. एवढं करूनही ट्रॅक्टर रुतत असेल, तर मोठ्या टायरचा विचार जरूर करावा. कित्येक मॉडेल कंपन्या स्वतःच दोन-तीन मापांच्या टायरवर विकतात. त्या यादीतलं माप घेतलं तर काळजीचं कारण नाही.

कायद्याचं एका ओळीत: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि ट्रॅक्टर हे नोंदणी झालेलं वाहनच आहे. अपघात झाला तर विमा कंपनीचा माणूस टायरकडे बघणार नाही असं कोणी समजू नये.

आता मागणी. मध्य प्रदेशात बुदनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते आणि अहवालात टायरचं माप लिहिलेलं असतं. ओढीचे आकडे त्या टायरवरचे असतात. मग तोच तपशील, चालणाऱ्या पर्यायी मापांसह, फोर-व्हीलमध्ये पुढच्या-मागच्या जोडीसह, मराठीत मडगार्डवर चिकटवायला कंपन्यांना कोण अडवतं? मालकाची पुस्तिका घरी ट्रंकेत असते. मडगार्ड दुकानदारासमोर उभा असतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठालाही एक विनंती आहे. १८ मे रोजी खरीप मेळावा भरतो, त्याला आमच्याकडून लोक गाड्या करून जातात. तिथं एका मिनी ट्रॅक्टरला कंपनीचे टायर आणि दुसऱ्या तशाच ट्रॅक्टरला मोठे टायर लावून, तोच रोटाव्हेटर, तेच रान, तोच गिअर ठेवून दोन तास चालवून दाखवावं. शेजारी डिझेलचं माप आणि ढेकळांचा आकार मांडावा. भाषणापेक्षा ते लोकांना पटेल.

आणि आपल्या पुरवणीकडून अपेक्षा एवढीच की त्या तरुण शेतकऱ्याला पुन्हा फोन करावा. त्याच्या ट्रॅक्टरचं मॉडेल, चारही टायरांची जुनी-नवी मापं, मागच्या आणि पुढच्या चाकाची एका फेरीतली चाल, डिस्क कोणी आणि कशाची बनवली, बोल्टच्या डोक्यावर काय आकडा आहे, आणि डिझेल वाचतं म्हणाला ते कोणत्या कामात, एवढं विचारून पुढच्या अंकात चौकट छापावी. हिशेब जुळत असेल तर मला आनंदच होईल. तो फोर-व्हील असेल आणि पुढचे टायर जुनेच असतील, तर कृपया फोन अंक निघायच्या आधी करावा.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक
अंबड, जि. जालना